चाकावरच्या अक्षरांचे बारसे

किन्हीराजा (जि. वाशिम), प्रतिनिधी -

नागपूर-औरंगाबाद या जुन्या महामार्गाने जाणाऱ्याला वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव लागते. महामार्गावर वसलेल्या गावांत पंक्चर, बॅटरी, वेल्डिंग आणि रंगकाम यांची दुकाने हटकून असतात. मोटारी आणि मोटारसायकली सजविणाऱ्या दुकानांच्या कामांत अलीकडे आणखी एका कामाची भर पडली आहे. टायरच्या बगलेवर उठावदार असलेली अक्षरे पांढऱ्या, पिवळ्या वा तांबड्या रंगाने भरून द्यायची, किंवा गिऱ्हाईक म्हणेल ती अक्षरे तेथे नव्याने चिकटवायची. इंग्रजी शब्द जसाच्या तसा घेऊन या कामाला 'टायर लेटरिंग' म्हणतात. काम लहान, भांडवल थोडे आणि हाताला वळण असेल तर शिकायलाही सोपे. अडचण येते ती दुकानाच्या पाटीपाशी. पाटीवर बहुधा वडिलांच्या काळचे नाव असते आणि त्या नावातला धंदाच बंद पडलेला असतो.

नाव बदलावे तर जुने गिऱ्हाईक तुटण्याची भीती. न बदलावे तर नव्या कामाची कोणाला खबर लागत नाही. एका माणसाच्या दुकानाला हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. चुकीचे नाव घेतल्यामुळे वकिलाची नोटीस येते, रंगवलेली पाटी उतरवावी लागते, छापलेली बिले रद्दीत जातात आणि दोन-तीन वर्षांत जमवलेली ओळख पुसली जाते. मोठ्या कंपनीला असा फटका सोसतो. लहान दुकानाचा हंगाम त्यात जातो.

गावांनी आधीच सोडवलेला प्रश्न

नाव कसे असावे, याचा पहिला धडा वाशिम जिल्ह्याच्या नकाशातच सापडतो. किन्ही नावाची गावे विदर्भात अनेक आहेत. त्यांतली ही किन्ही ओळखू यावी, ते काम 'राजा' हा एक शब्द करतो. तालुक्याचे मालेगाव नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्या मालेगावपुढे झाकोळले जाते, म्हणून ते 'मालेगाव जहाँगीर' म्हणूनही ओळखले जाते. याच तालुक्यात अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले शिरपूर आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरशी घोटाळा होऊ नये म्हणून ते 'शिरपूर जैन' झाले. 'कारंजा लाड' या नावाची गोष्टही अशीच. मूळ नाव सर्वसामान्य असेल तर त्याला वेगळेपणा देणारा शब्द जोडावा लागतो, हे टपालखात्याला आणि गावकऱ्यांना फार पूर्वीच उमगले होते. बोधचिन्हांचा कायदाही थोड्या वेगळ्या भाषेत हेच सांगतो.

गावाच्या नावावर दुकानाचे नाव ठेवण्यात मात्र एक धोका आहे. गावांची, शहरांची आणि जिल्ह्यांची नावेही बदलतात. इंग्रजी अमदानीतले कागद वाशिमला 'बाशिम' म्हणतात आणि वाकाटकांच्या काळात त्याचे नाव 'वत्सगुल्म' होते. १ जुलै १९९८ रोजी वाशिम वेगळा जिल्हा होईपर्यंत हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. ज्या महामार्गावर किन्हीराजा आहे त्याच्या एका टोकाच्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्यामुळे 'औरंगाबाद रोड' असे लिहिलेल्या पाट्या त्या दिवसापासून जुन्या ठरल्या. वाहनांवरचा 'एमएच ३७' हा वाशिमचा क्रमांक तरुणांच्या आवडीचा आहे. पण उद्या शेजारच्या जिल्ह्यात दुसरी शाखा काढावीशी वाटली तर तोच क्रमांक अडचणीचा होतो.

धंदा नेमका कोणता?

नाव ठरवण्याआधी काम काय, ते समजून घेतले पाहिजे. टायर काळा असतो तो रबराला बळकटी देण्यासाठी मिसळलेल्या काजळीमुळे, म्हणजे 'कार्बन ब्लॅक'मुळे. सुरुवातीच्या काळातले टायर फिकट, पांढुरके असत. अमेरिकेत १९७० च्या आसपास रुंद टायरांवर उठावदार पांढऱ्या अक्षरांची टूम निघाली. त्या टायरांच्या बगलेत पांढऱ्या रबराचा थर पुरलेला असे आणि त्यावर काळ्या रबराचा पातळ पापुद्रा. कारखान्यात अक्षरांवरचा पापुद्रा घासून काढला की आतला पांढरा रंग दिसू लागे. ती अक्षरे रंगवलेली नसून टायरचाच भाग असत, म्हणून ती टिकत.

दुकानात होते ते काम याहून वेगळे आहे. येथे अक्षर वरून रंगवले जाते. टायर रस्त्यावर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि फुगतो. घराच्या दाराला लावायचा तेलरंग हे ताणणे सोसू शकत नाही आणि त्याला चिरा पडतात. दुसरी अडचण रबराच्या पोटातली आहे. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर तडकू नये म्हणून त्यात मेण आणि काही रसायने घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर झिरपतात आणि पांढरे अक्षर काही काळाने पिवळट, तपकिरी दिसू लागते. म्हणून टायर आधी घासून, द्रावकाने पुसून, तेलकटपणा काढूनच लवचीक रंग लावावा लागतो. दुसरी पद्धत रबरी अक्षरे खास गोंदाने चिकटवण्याची. मोटारींच्या फॉर्म्युला वन शर्यतींत टायरवरचा रंग ही केवळ सजावट नसते. तेथे तांबडा रंग मऊ, पिवळा मध्यम आणि पांढरा कठीण रबर दर्शवतो, आणि प्रेक्षक चाक पाहून डावपेच ओळखतात. टायर रंगवण्याची हौस दूरचित्रवाणीमुळे खेड्यांपर्यंत पोचली असेल तर त्यात नवल नाही.

टायरच्या बगलेवर आकार, भारक्षमता, प्रमाणचिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगणारे चार अंक असतात. हे अंक रंगाखाली बुजता कामा नयेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि त्यानंतर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची चर्चा विदर्भात घरोघरी पोचली. त्या वेगात जाणाऱ्याला टायरचे वय ठाऊक असणे गरजेचे आहे. त्यामुळे अक्षरे भरता भरता गिऱ्हाईकाला टायरचे वयही सांगणारा कारागीर नुसत्या रंगाऱ्याहून अधिक काही विकत असतो. नावात ते उतरवता आले तर उत्तमच.

'रेडियम'चा वारसा

जुनी पाटी का अपुरी पडते, हे समजायला मागे जावे लागते. तालुक्याच्या गावांत पूर्वी एक 'पेंटर' असे. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागच्या फळ्या आणि निवडणुकीचे फलक सारे त्याच्या हातचे असायचे, आणि पाटीच्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत आपले नाव टाकायचा. ते कोपऱ्यातले नाव हीच त्याची जाहिरात होती. फ्लेक्स आले आणि पाटीचे काम यंत्राकडे गेले. ट्रकवरचा 'हॉर्न ओके प्लीज' हा मजकूर राज्याच्या परिवहन आयुक्तालयाने २०१५ मध्ये बंद केला. उरले होते वाहनांच्या नंबरप्लेटचे काम. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी कारखान्यातून येऊ लागली. त्याआधीच्या वाहनांनाही ती बसवून घेण्याची सक्ती झाली आणि २०२५ मध्ये त्यासाठी वारंवार मुदतवाढ द्यावी लागली. वेलबुट्टीदार आकड्यांचे दिवस त्याबरोबर संपले.

त्या दुकानांवर आजही 'रेडियम आर्ट' अशा पाट्या दिसतात. हा शब्द मोठा मौजेचा आहे. रेडियम हे मूलद्रव्य मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ मध्ये शोधले. अंधारात चमकणाऱ्या घड्याळाच्या काट्यांसाठी एकेकाळी त्याचा रंग वापरत, आणि तो घातक असल्याचे कळल्यावर वापर थांबला. आपल्याकडच्या 'रेडियम'मध्ये रेडियमचा कणही नसतो. तो दिव्याचा प्रकाश परतवणारा चिकटकागद असतो. तरीही खेड्यातल्या कोणालाही 'रेडियमचे दुकान' म्हणताच अचूक अर्थ कळतो. नाव शास्त्रीयदृष्ट्या चूक असूनही धंद्याला बरोबर असू शकते, त्याचे हे उत्तम उदाहरण. म्हणूनच पाटीवरून 'रेडियम' एकदम पुसून टाकण्याची घाई करू नये.

मोठ्या टायरांची नावे

ज्या अक्षरांना रंग भरायचा त्यांच्यामागेही नामकरणाच्या कथा आहेत. सिएट हे मुंबईचे नाव वाटते, पण ते इटलीतले आहे. १९२४ मध्ये तुरिन शहरात निघालेल्या या कंपनीच्या इटालियन नावाचा अर्थ 'तुरिनच्या विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू' असा होतो. चार शब्दांची आद्याक्षरे घेऊन 'सिएट' झाले. १९५८ मध्ये ती भारतात आली. तारांचा संदर्भ मागे पडला आणि टायर राहिले. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. १९४६ मध्ये तिची सुरुवात खेळण्यातल्या फुग्यांपासून झाली. १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई झाले तरी टायरवरचा 'एम' हलला नाही. जपानच्या शोजिरो इशिबाशी यांच्या आडनावाचा अर्थ 'दगडी पूल'. त्याचे इंग्रजी करून आणि शब्दांची उलटापालट करून १९३१ मध्ये 'ब्रिजस्टोन' तयार झाले. 'गुडइयर' ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या चार्ल्स गुडइयर यांचा त्या कंपनीशी काडीचाही संबंध नव्हता. रबर टिकाऊ करण्याची पद्धत शोधणारे हे संशोधक १८६० मध्ये वारले आणि कंपनी १८९८ मध्ये निघाली.

मराठी माणसाच्या अनुभवाला अधिक जवळची उदाहरणेही आहेत. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर यांनी गिरगावात शाईचा धंदा सुरू केला. कंपनीचे नाव 'दांडेकर आणि कंपनी' आणि मालाचे नाव 'हॉर्स ब्रँड' होते. पुढे घोडा जाऊन उंट आला, 'कॅमल' आणि 'इंक' यांच्या जोडातून 'कॅमलिन' झाले. त्या नावाचे रंग आणि ब्रश हातात घेऊनच महाराष्ट्रातल्या अनेक पेंटरांनी पहिले अक्षर काढले असेल. 'विको' हे परदेशी वाटणारे नाव १९५२ मध्ये केशव विष्णू पेंढरकर यांनी सुरू केलेल्या 'विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी'चे संक्षिप्त रूप आहे. वडिलांचे नाव त्यात सुखरूप आहे, फक्त पटकन दिसत नाही. ज्याला जुन्या पाटीवरचे वडिलांचे नाव टाकवत नाही आणि ठेवताही येत नाही, त्याने या युक्तीचा विचार करण्यासारखा आहे.

मराठीत शब्द किती?

'टायर लेटरिंग' हे शब्द नावात असावेत का? असावेत, पण नाव म्हणून नव्हे, नावाखालच्या ओळीत. धंद्याचे वर्णन करणारा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होत नाही. शेजारी उद्या दुसरा 'टायर लेटरिंग'वाला आला तर त्याला कोण अडवणार?

मराठीत या कामाला शोभणारे शब्द आहेत. 'वळण' हा त्यांतला सर्वांत नेमका. रस्त्याला वळण असते आणि अक्षरालाही. 'धाव' म्हणजे पळण्याची क्रिया, आणि बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टीही. टायर येण्याआधी टायरचे काम हीच धाव करीत असे. 'चाकोरी' कानाला गोड आहे, पण तिच्यात रटाळपणाची छटा आहे, आणि नवेपणा विकणाऱ्या दुकानाला ती मारक ठरेल. 'अक्षर' या शब्दाचा मूळ अर्थ 'नाश न पावणारे' असा आहे. पहिल्या पावसाळ्यात रंग उडाला तर गिऱ्हाईक त्या अर्थाची आठवण करून दिल्यावाचून राहणार नाही. 'चक्राक्षर', 'चाकलिपी' असे जोडशब्द कागदावर ऐटदार दिसतात, पण चालू इंजिनाच्या आवाजात फोनवरून सांगून पाहावेत. दोनदा सांगावे लागणारे नाव महामार्गावर निरुपयोगी असते.

रोमन लिपीची अडचण वेगळीच. 'वळण'मधला 'ळ' रोमनमध्ये 'एल' होतो आणि परप्रांतीय चालक त्याचे 'वलन' करतो. 'धाव'चे तीन प्रकारे स्पेलिंग होते. मोबाइलवर दुकान शोधणारा यांपैकी कोणते लिहील, हे सांगता येत नाही. नाव पक्के करण्याआधी ओळखीच्या पाच-सात जणांना ते नुसते ऐकवावे आणि मोबाइलवर लिहायला सांगावे. सर्वांनी एकच लिहिले तर नाव चालेल. अंकशास्त्राच्या सल्ल्याने इंग्रजी नावात एखादे जादा अक्षर घुसवण्याची जी पद्धत आहे, तिने या कसोटीवर नुकसानच होते.

देवाच्या नावाचे काय? पश्चिम विदर्भात गजानन महाराजांच्या नावाची दुकाने ठायी ठायी आहेत. पोहरादेवी याच जिल्ह्यात असल्याने सेवालाल महाराजांचे नावही पुष्कळ पाट्यांवर दिसते. श्रद्धेचा प्रश्न वेगळा. पण असे नाव एकट्याने घेतले तर वेगळी ओळख होत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' या शब्दावर एका व्यापाऱ्याची मक्तेदारी मान्य केली नाही. पवित्र ग्रंथाचे नाव कोणा एकाचे बोधचिन्ह होऊ शकत नाही, असा तो निकाल होता. थोर पुरुषांच्या नावांबाबत कायदा अधिक कडक आहे. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आदींची नावे धंद्यासाठी वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने निर्बंध घातले आहेत. भागीदारीत धंदा करणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. १९३२ च्या भागीदारी कायद्यात 'किंग', 'क्वीन', 'रॉयल', 'एम्परर' असे शब्द सरकारच्या संमतीविना पेढीच्या नावात घेण्यास मनाई आहे. ब्रिटिश गेले, तरतूद राहिली. गावाच्या नावात राजा असला तरी 'टायर किंग' नावाने भागीदारी नोंदवायला जाणाऱ्याने हे ध्यानी ठेवलेले बरे.

आधी वापरले कोणी?

नाव आवडले म्हणून पाटी रंगवू नये. आधी बोधचिन्ह निबंधकांच्या संकेतस्थळावर ते शोधून पाहावे. हा शोध विनामूल्य आहे. वस्तू आणि सेवा यांचे ४५ वर्ग केलेले आहेत. टायर बाराव्या वर्गात येतात आणि वाहनदुरुस्ती, रंगकाम यांसारख्या सेवा सर्वसाधारणपणे सदतिसाव्या वर्गात. दोन्ही वर्ग पाहावेत. स्पेलिंग बदलले की नाव वेगळे होते, ही समजूत साफ चुकीची आहे. १९६२ मध्ये 'अमृतधारा' विरुद्ध 'लक्ष्मणधारा' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट स्मरणशक्तीच्या गिऱ्हाईकाचा घोटाळा होईल का, ही कसोटी लावली. दोन पाट्या शेजारी ठेवून न्यायाधीश तुलना करीत नाहीत. एक पाटी गेल्या महिन्यात पाहिलेला माणूस दुसरी पाहून फसेल का, असा तो प्रश्न आहे.

नोंदणी केली नाही म्हणून हक्क नाही, असेही नाही. अहमदाबादच्या 'मुक्तजीवन कलर लॅब' या फोटोच्या दुकानाचे प्रकरण लहान व्यावसायिकांनी मुद्दाम वाचण्यासारखे आहे. १९८२ पासून ते नाव वापरणाऱ्या मालकाने दुसऱ्याने तेच नाव घेतल्यावर दाद मागितली. खालच्या न्यायालयांत त्याला अंतरिम दिलासा मिळाला नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याची बाजू उचलून धरली आणि एकाने कमावलेल्या नावाखाली दुसऱ्याने धंदा करणे रोखले. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै' हलव्याचा निकाल २०१५ चा. इरुट्टुकडै म्हणजे अंधारे दुकान. पूर्वी कमी उजेडात चालणाऱ्या त्या दुकानाला लोकांनीच हे नाव दिले आणि तेच लौकिकाचे झाले. नंतर आलेल्या दुसऱ्याने मिळत्याजुळत्या नावाची नोंदणी मिळवली, तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

या दोन निकालांचा व्यवहारी अर्थ असा की जुन्या पाटीची छायाचित्रे, जुनी बिले, पावतीपुस्तके आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती नाव बदलल्यावर फेकून देऊ नयेत. कधीकाळी वाद उद्भवला तर ते कपाटातले कागद बोलतात. भावाभावांत वाटणी होऊन एकाने 'न्यू' जोडून शेजारीच दुकान थाटण्याचे प्रकार तर सर्वत्र आहेत. वाटणीपत्रात शेत, घर आणि विहिरीचे पाणी यांची नोंद असते. नाव कोणाचे, हे मात्र लिहायचे राहून जाते.

या धंद्याला लागू असलेली एक खास जोखीमही आहे. टायरवर मुळात असलेली अक्षरे रंगवणे ही एक गोष्ट. साध्या टायरवर नामवंत कंपनीचे नाव चिकटवून देणे ही सर्वस्वी दुसरी. दुसऱ्याचे बोधचिन्ह खोटेपणाने लावणे हा १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. गिऱ्हाईकाने हौसेने मागितले, ही सबब तोकडी पडेल. त्याच कारणाने दुकानाच्या नावातही टायर कंपनीच्या नावाचा तुकडा घेऊ नये.

कागद आणि खर्च

एकट्या मालकाच्या धंद्याला नाव बदलणे कायद्याने फारसे अवघड नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने दुकान आणि मालक एकच असतात. बोधचिन्हाच्या नोंदणीसाठी व्यक्ती आणि लघुउद्योग यांना २०१७ च्या नियमांप्रमाणे एका वर्गाला ऑनलाइन ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. अर्ज तपासून तो बोधचिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध होतो आणि तेथून चार महिने कोणालाही हरकत घेता येते. नोंदणी दहा वर्षांसाठी असते, पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी नसताना नोंदणीचे वर्तुळातले चिन्ह पाटीवर काढणे दंडनीय आहे. पाहिलेल्या नमुन्यावरून अक्षरे उतरवणाऱ्या पेंटरकडून ही चूक सहज होते.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती विनामूल्य आणि स्वयंघोषणेवर आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभे करू नये. वस्तू व सेवा कराची नोंदणी असल्यास व्यापारी नावातला बदल पंधरा दिवसांच्या आत कळवावा लागतो. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना ती नोंदणीच लागत नाही. बँकेत नव्या नावाचे चालू खाते हवे तर त्या नावाचे दोन पुरावे मागितले जातात. म्हणून आधी कागद, मग बँक आणि शेवटी पाटी असा क्रम ठेवावा. अनेक जण उलट करतात आणि मोबाइलवरून पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाला पाटीवर एक व पडद्यावर दुसरेच नाव दिसते. अनोळखी चालक अशा वेळी पैसे देताना बिचकतो.

पाटी मराठीतच हवी. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतला मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि इतर लिपीतली अक्षरे मराठी अक्षरांपेक्षा मोठी असू नयेत असे ठरले. मुंबईतल्या दुकानदारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यास दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षरे काढणे हाच ज्याचा धंदा, त्याला या नियमाची धास्ती वाटायचे कारण नाही. त्याची पाटी हाच त्याच्या कामाचा पहिला नमुना असतो.

जुने नाव किती दिवस ठेवावे?

कंपन्यांसाठी कायद्यात एक उपयुक्त नियम आहे. नाव बदलल्यानंतर दोन वर्षे नव्या नावासोबत जुने नावही लिहावे लागते. एका माणसाच्या दुकानाला हे बंधन नाही, पण ते आपणहून पाळण्यात शहाणपण आहे. 'पूर्वीचे अमुक रेडियम आर्ट' ही लहान ओळ पाटीवर, बिलावर आणि मोबाइलवरच्या नोंदीत दोन वर्षे राहू द्यावी. नकाशावरची नोंद काढून नवी करू नये. तिच्यातले नाव तेवढे बदलावे, म्हणजे जुन्या गिऱ्हाईकांचे अभिप्राय कायम राहतात. फोन क्रमांक तर कोणत्याही परिस्थितीत बदलू नये. ट्रकचालकांच्या मोबाइलमध्ये दुकान बहुधा पाटीवरच्या नावाने साठवलेले नसतेच. ते 'मालेगाव पेंटर' किंवा 'किन्हीराजा रंगवाला' असेच असते, आणि त्या नावावर मालकाचा काही इलाज चालत नाही. लोकांच्या तोंडी असलेले हे नाव पुरेसे वेगळे असेल तर तेच पाटीवर चढवावे का, हा विचारही जरूर करावा. तिरुनेलवेलीच्या हलवायाचे त्यात नुकसान झाले नाही.

घरच्या घरी एकमत होत नसेल तर गिऱ्हाइकांनाच विचारता येते. एशियन पेंट्स कंपनीसाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये हातात ब्रश घेतलेल्या खोडकर पोराचे चित्र काढले. त्याच्या नावासाठी स्पर्धा घेण्यात आली. दोघा मुंबईकरांनी 'गट्टू' हेच नाव सुचवले आणि पाचशे रुपयांचे बक्षीस दोघांत वाटले गेले, असा वृत्तान्त आहे. त्या पैशात आलेले नाव कंपनीला पुढे अनेक दशके पुरले.

मुहूर्ताचा प्रश्न पंचांगापेक्षा हवामानाचा आहे. विदर्भात पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात आणि दसऱ्याला गाड्या धुऊन, हार घालून पूजल्या जातात. टायरची अक्षरे भरून घेण्याची गर्दी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात होणार हे उघड आहे. पाटी त्याच्या आधी लागलेली हवी. म्हणजे नावाचा शोध, निबंधकांच्या संकेतस्थळावरची तपासणी आणि बँकेचे कागद पावसाळ्यात उरकावेत, आणि भाद्रपदात पहिली चांगली उघडीप मिळाली की पाटीला रंग लावावा. दमट हवेत लावलेला रंग वरून वाळतो आणि आतून ओला राहतो.